गणिताचे एक प्राध्यापक : र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. पुण्यात व मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. परंतु 'र. धों. कर्वे' असे म्हटले की निम्म्या लोकांना ते महर्षींचेच दुसरे नाव वाटते, आणि उरलेल्यांपैकी काही जण किंचित हसून विषय बदलतात. आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात 'विकसनशील देशांतील लोकसंख्यावाढ' हे प्रकरण चालू असताना मी सहज चार-पाच मित्रांना विचारून पाहिले, तेव्हा हा अनुभव आला. पाठ्यपुस्तकात त्यांच्याविषयी एकच ओळ आहे. त्या ओळीमागे एका माणसाचे सबंध आयुष्य खर्ची पडले, म्हणून हा लेख.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षींचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या मंडळींनी कर्वे घराण्यावर बहिष्कार घातला. जी गोष्ट योग्य वाटते ती केली की गाव पाठ फिरवते, हा धडा या मुलाने अकराव्या वर्षी घरातच गिरवला. शाळेत मात्र तो कुणाला आटोपणारा नव्हता. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला, आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाला. विषय अर्थातच वडिलांचा, म्हणजे गणित. त्यानंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन, गणिताच्याच पुढील अभ्यासासाठी पॅरिसचे वास्तव्य, आणि परत आल्यावर विल्सन महाविद्यालयात प्राध्यापकी, असा त्यांचा सरळ, सुरक्षित मार्ग दिसत होता. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येई. त्या भाषेतले कामशास्त्रावरचे आणि आरोग्यावरचे वाङ्मय त्यांनी भरपूर वाचले होते. हे वाचन पुढे त्यांच्या नोकरीच्या मुळावर आले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. भारतातले हे पहिले केंद्र. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स या बाईंनी लंडनमध्ये असेच केंद्र काढले होते आणि त्याचा साऱ्या जगात गवगवा झाला. मुंबईच्या केंद्राचा गवगवा झाला नाही, बोभाटा मात्र झाला.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. कारण १९२१ हे वर्ष आमच्या पुस्तकात वेगळ्याच कारणासाठी ठळक अक्षरांत छापलेले आहे. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात त्याला महाविभाजनाचे वर्ष म्हणतात. आजच्या भारताच्या सीमांपुरते पाहिले तर १९११ मध्ये लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांच्या आसपास होती. १९२१ मध्ये ती २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढली तर नाहीतच, उलट पाऊण कोटीच्या एक दशांशाइतकी घटली. जनगणनेला आरंभ झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि त्याच्या जोडीला प्लेग, पटकी, हिवताप हे होतेच. म्हणजे ज्या वर्षी देशातली माणसे कमी झाल्याचे हे आकडे सांगतात, त्याच वर्षी एक गणिताचा प्राध्यापक मुले कमी होऊ द्या, असे सांगण्यासाठी दुकान मांडून बसला! लोकांनी त्याला वेड्यात काढले असल्यास त्यांना फारसा दोष देता येत नाही.

मग हा मनुष्य आकडे वाचायला विसरला होता काय? तसे नाही. माझी समजूत अशी की त्याने तेच आकडे निराळ्या बाजूने वाचले.

'नैसर्गिक वाढ' हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो. एका वर्षात दर हजार लोकांमागे जितके जन्म होतात त्यांतून जितके मृत्यू होतात ते वजा करावे. उरते ती नैसर्गिक वाढ. १९११ ते १९२१ या दशकात आपल्याकडे हजारी सुमारे अठ्ठेचाळीस जन्म होत आणि जवळजवळ तितकेच मृत्यू होत. वजाबाकी करावी तर हाती शून्य. जन्माला आलेल्या माणसाने सरासरी वीस वर्षे जगावे, अशी त्या वेळची स्थिती होती. कागदावर हे शून्य फार शांत, फार निरुपद्रवी दिसते. त्याच्या आत काय भरलेले असते ते मला आमच्या आजीने सांगितले. तिची आई, म्हणजे माझी पणजी, अकरा वेळा बाळंत झाली. त्यांतली चार मुले मोठी झाली. आजी सातवी. उरलेल्या सात मुलांपैकी दोघांची नावेही तिला आठवत नाहीत, कारण बारशापर्यंत ती टिकलीच नाहीत. पणजी चाळिशीतच म्हातारी दिसू लागली होती, असे ती सांगते. हे १९२१ नंतरचे, दोन दशके उलटून गेल्यावरचे. त्याआधी काय असेल त्याची कल्पना करावी. वाढ शून्य असली तरी बाळंतपणे शून्य नव्हती. ती अकराच होती.

रघुनाथराव ही अकरा बाळंतपणे पाहत होते. देशात माणसे किती झाली यापेक्षा एका बाईला किती वेळा त्या दारातून जावे लागते, हा त्यांचा प्रश्न होता. लोकसंख्येची भीती त्यांनी मुळीच सांगितली नाही असे नव्हे. माल्थसचे १७९८ सालचे विवेचन त्यांना ठाऊक होते आणि गरिबी व अधिक संतती यांचा संबंधही ते मांडत. परंतु माल्थसने सांगितलेला उपाय, म्हणजे संयमाचा आणि उशिरा विवाहाचा, त्यांना मान्य नव्हता. विवाहित स्त्री-पुरुषांना संयमाचा उपदेश करणे म्हणजे उपाय न सांगणेच होय, असे त्यांचे मत होते. शरीरसुख हे पाप नाही, ते पुरुषाइतकेच स्त्रीचेही आहे, आणि मूल हवे की नको हे ठरवण्याचा पहिला अधिकार जिला ते वाढवावे लागते तिचा आहे, असे ते स्वच्छ लिहीत. शंभर वर्षांपूर्वी मराठीत हे छापून येत होते, यावर माझ्या एका मैत्रिणीचा विश्वास बसेना.

१९२३ साली त्यांचे 'संततिनियमन : विचार आणि आचार' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातल्या 'आचार' या शब्दाने घोटाळा केला. विचारापर्यंत लोक ऐकून घेतात. रबरी टोपी कशी बसवावी, ती कशी धुवावी, कोणते साधन भरवशाचे आणि कोणते नाही, हे साध्या मराठीत लिहिले की ते अश्लील ठरते. विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांचे. आपल्या प्राध्यापकाने हा प्रचार करावा हे तेथील चालकांना मानवण्यासारखे नव्हते. प्रचार किंवा नोकरी, दोहोंपैकी एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुन्हा कोणत्याही महाविद्यालयात त्यांस कायमची जागा मिळाली नाही. वय त्रेचाळीस, पदरी गणिताची विद्या, आणि ती कुणाला नको होती.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. पुढली सव्वीस वर्षे ते अखंड चालले. संपादक तेच, बहुतेक लेखकही तेच, आणि व्यवस्थापकही तेच. संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, आहार, अंधश्रद्धा असे नाना विषय त्यात येत. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. त्यामुळे ते अंक घरात उघड्यावर ठेवण्याची सोय नव्हती. वाचक प्रश्न पाठवीत आणि रघुनाथराव उत्तरे देत. ज्या शंका नवरा बायकोला, मुलगा बापाला, फार काय रोगी डॉक्टरलाही विचारत नसे, त्या शंका येथे टपालाने येत. उत्तरे रोखठोक असत, कधी कधी नको इतकी.

खटले ओढवणार हे उघडच होते. पहिला १९३१ साली झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेल्या एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ सालचा. या वेळी आरोप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आटोपून आलेला, देशभर नाव झालेला हा बॅरिस्टर अशा बदनाम खटल्यात उभा राहिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातही फारशी सांगितली जात नाही. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील होत नाही, आणि अडचणीत असलेला माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. न्यायालयाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला. मासिकाच्या तुटपुंज्या उत्पन्नाला ही रक्कम जड होती.

डॉ. आंबेडकरांचा या विषयातील रस त्या एका खटल्यापुरता नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. दुसरीकडे महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना ठाम विरोध होता. ब्रह्मचर्य हाच त्यांच्या मते खरा मार्ग. अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर बाई त्यांचे मन वळवण्यासाठी मुद्दाम वर्ध्यास आल्या आणि वळवू न शकता परत गेल्या. ज्या काळात गांधीजींच्या शब्दाला हा मान होता, त्या काळात 'समाजस्वास्थ्य'तून त्यांच्या ब्रह्मचर्यविषयक मतांचा समाचार घेणे म्हणजे उरलेसुरले मित्रही गमावण्यासारखे होते. रघुनाथरावांनी तो घेतला. (अॅनी बेझंट यांची कथा येथे आठवते. १८७७ मध्ये संततिनियमनावरील पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर लंडनमध्ये खटला झाला. पुढे थिऑसफीच्या मार्गाला लागल्यावर त्यांनी या विषयावरचे स्वतःचे पुस्तक मागे घेतले, आणि भारतात आपण त्यांना ओळखतो ते निराळ्याच कार्यासाठी. रघुनाथरावांनी काहीच मागे घेतले नाही.)

आता थोडे त्यांच्या उणिवांबद्दल. चरित्रलेखनात नायकाला देव करण्याची आपल्याकडे खोड आहे आणि या नायकाला तर देव मुळीच मान्य नव्हता. स्वभावाने ते हेकट होते. तेच ते मुद्दे वर्षानुवर्षे त्याच शब्दांत मांडत. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असताना टोपी कुठे बसवायची, कुठे धुवायची आणि तिचे पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुस्तकात मिळत नाही. त्यांचा वाचक प्रामुख्याने शिकलेला आणि मध्यमवर्गीय होता. गरिबीचे मूळ अधिक मुलांत आहे की मुळात मिळकतीच्या वाटपात, हा वाद त्या काळीही होता. त्यात ते एका बाजूला जरा जास्तच झुकले, असे मला वाटते. आमचे सर म्हणतात की घर गरीब असले, म्हातारपणाचा आधार म्हणून मुलेच असली आणि ती जगतील याची खात्री नसली, की लोक मुले जास्त होऊ देतात. आधी बालमृत्यू कमी झाले पाहिजेत. हे खरे आहे. पण ती वाट पाहताना पणजीने काय करावे, याचे उत्तर सरांजवळ नाही. रघुनाथरावांजवळ निदान एक होते.

१९२१ नंतर आकड्यांनी कूस बदलली. दुष्काळ पूर्वीसारखे माणसे खाईनात, प्लेग ओसरला. १९२१-३१ या दशकात जन्म हजारी सेहेचाळीस आणि मृत्यू छत्तीस. १९४१-५१ मध्ये जन्म चाळीस आणि मृत्यू सत्तावीस. जन्म वाढले म्हणून लोकसंख्या वाढली, असा जो सर्वसाधारण समज आहे तो चुकीचा आहे. जन्म वाढलेच नव्हते, किंचित उतरले होते. मरण मात्र फार वेगाने उतरले. चक्रवाढ व्याजाचे गणित येथे लागू पडते. शेकडा एक दराने लोकसंख्या दुप्पट व्हायला सत्तर वर्षे लागतात, शेकडा दोन दराने पस्तीस. १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो, १९८१ मध्ये ६८ कोटी झालो. जी मुले पूर्वी मरत ती जगू लागली, हे त्या वाढीचे कारण. त्याला संकट म्हणताना निदान थोडे अडखळावे.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असा अधिकृत कार्यक्रम स्वीकारणारा जगातला हा पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली. आता रघुनाथरावांचे दिवस आले, असे कुणाला वाटेल. परंतु आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. कृत्रिम साधने त्यांना रुचत नव्हती. म्हणून पहिले प्रयोग झाले ते 'सुरक्षित दिवस' पाळण्याच्या पद्धतीचे. खेड्यातल्या बायकांना दिवस मोजता यावेत यासाठी रंगीत मण्यांच्या माळा वाटण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. अमुक रंगाचा मणी आला की जपून राहायचे. माळ अंधारात नीट दिसत नसे, कुणी मणी सरकवायला विसरे, कुणी माळेला मंत्राची माळ समजे. प्रयोग फसला. एकतीस वर्षे आधी गिरगावात बसून जो मनुष्य भरवशाची साधने सांगत होता तो तेव्हा हयात होता, त्याच मुंबईत, सत्तर वर्षांचा, अजून मासिकाची मुद्रिते तपासत.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि 'समाजस्वास्थ्य' बंद पडले. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. मुलाच्या मागे ते नऊ वर्षे जगले आणि १९५८ साली भारतरत्न झाले. स्त्रियांच्या शिक्षणाचे बापाचे कार्य समाजाने उशिरा का होईना डोक्यावर घेतले. लेकाच्या कार्याचे सरकारने वेगळेच काहीतरी केले.

ते 'वेगळे' म्हणजे उद्दिष्टे. अमुक जिल्ह्यात अमुक इतक्या शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत, हा हिशेब सुरू झाला आणि आणीबाणीत त्याने टोक गाठले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतांश पुरुषांवर आणि पुष्कळशा जुलमाने. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते बारगळले. त्या धसक्याने पुढे पुरुष या वाटेला फिरकेनासा झाला आणि सारा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे अडतीस टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याच पाहणीत दर स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७ वर आलेले दिसते. अकरावरून आजी तीनवर आली, आई दोनवर. आजीची शस्त्रक्रिया झाली, आईचीही झाली. आजोबांना आणि बाबांना कुणी विचारले नाही.

रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. मूल होऊ न देण्याचा निर्णय त्यांनी व मालतीबाईंनी मिळून घेतला होता, आणि त्यासाठी सुरी कुणाच्या अंगाला लागावी याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता.

या लेखाचा कच्चा खर्डा मी आजीला वाचून दाखवला. खटले, ठराव, टक्केवारी तिने शांतपणे ऐकून घेतली. नसबंदीच्या ठिकाणी तिने मला दोनदा वाचायला लावले. मग एवढेच विचारले, की नोकरी गेली तर त्यांच्या घरात चूल कशी पेटत होती? मी सांगितले, की मालतीबाई शिकलेल्या होत्या. शाळेत शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला, मासिकाच्या कटकटी सोसल्या, लोकांचे बोलणे सोसले, आणि नवऱ्याच्या आधीच त्या गेल्या. यावर आजी म्हणाली की मग लेखात त्यांचे नाव इतक्या उशिरा का आले. मला उत्तर सुचले नाही. लेख संपादकांकडे देण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, म्हणून ते नाव आहे तेथेच राहिले.